शिकाऱ्यांचं खरं ठरलं, मोजणी चुकली! उत्तर ध्रुवावरचं सहकार्य आता का अडलंय?

विशेष विश्लेषण

ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, ही बातमी मोबाईलवर अधूनमधून येतच असते. पण तिथे काय चाललंय हे मोजतं कोण? आणि मोजलेलं कायद्यात उतरतं कसं? शास्त्रज्ञ, पिढ्यानपिढ्या तिथे राहणारी माणसं आणि सरकार हे तिघं एकत्र बसले तरच हे काम धड होतं. अलास्कातल्या देवमाशांच्या, म्हणजे व्हेलच्या मोजणीने ते दाखवून दिलंय.

बंदी आली, चुलीवर घाला

अलास्का हे अमेरिकेचं अगदी उत्तरेकडचं राज्य. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर इनुपियाट लोकांची गावं आहेत. तिथे शेती होत नाही. बोहेड जातीचा देवमासा हेच त्यांचं मोठं अन्न. एक मिळाला की त्याचं मांस गावभर वाटलं जातं.

१८४८ पासून बाहेरच्या व्यापारी जहाजांनी तेलासाठी या देवमाशांची बेसुमार कत्तल केली. संख्या पार घटली. पुढे १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने या गावांच्या शिकारीवरही पूर्ण बंदी घातली. देवमासे दोन हजारांच्या आतच उरलेत, असा तेव्हाच्या शास्त्रज्ञांचा अंदाज होता. नासधूस केली व्यापाऱ्यांनी आणि शिक्षा गावाला, अशी तिथली भावना झाली.

गावकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: मोजणीच चुकली आहे. शास्त्रज्ञ बर्फाच्या कडेला उभे राहून समोरच्या मोकळ्या पाण्यातून जाणारे देवमासे मोजायचे. बांधावर उभं राहून अख्ख्या शिवाराचा अंदाज करावा, तसा हा प्रकार. शिकारी सांगत होते की देवमासा बर्फाखालूनही जातो, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो, आणि किनाऱ्यापासून लांबूनही जातो. म्हणजे बरेचसे मोजणीत येतच नाहीत.

ऐकलं, तपासलं, मग मानलं

त्याच वर्षी शिकाऱ्यांनी स्वतःचा आयोग उभा केला. वर्षअखेर पूर्ण बंदी सैल झाली आणि १९७८ साठी १२ देवमासे आणायची मुभा मिळाली. पण खरा बदल पुढे झाला. टॉम अल्बर्ट या शास्त्रज्ञाने हॅरी ब्रोअर या जाणत्या शिकाऱ्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि ते तपासायचं ठरवलं. खर्चाला नॉर्थ स्लोप बरो ही तिथली स्थानिक संस्था पुढे आली. तिच्याकडे तेल कंपन्यांच्या कराचा पैसा होता.

पाण्यात आवाज टिपणारी यंत्रं सोडली, विमानातून पाहणी केली. पाण्याची वाट बर्फाने बंद झालेली असतानाही खालून देवमासे जात असल्याचे आवाज मिळाले. दूरवरचेही दिसले. शिकाऱ्यांचं खरं निघालं. २००१ च्या मोजणीत संख्या १० हजारांच्या वर गेली आणि २०११ मध्ये ती सुमारे १७ हजार भरली. यातली काही वाढ खरीच झालेली आहे, पण सुरुवातीचा आकडा मुळातच कमी धरला होता, हेही स्पष्ट झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शिकारी नुसते ‘आम्हाला माहीत आहे’ म्हणून अडून बसले नाहीत. त्यांनी मोजणीला साथ दिली, मारलेल्या देवमाशांचे नमुने अभ्यासाला दिले, ठरलेली मर्यादाही पाळली. १९८१ मध्ये अमेरिकी सरकारने शिकाऱ्यांच्या आयोगाशी करार केला आणि देखरेखीचं काम दोघांनी मिळून करायचं ठरलं.

आज गाडं कुठे अडलंय?

हाच विचार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत आहे. त्यात आठ देश आहेत आणि मूळ रहिवाशांच्या सहा संघटनाही त्याच टेबलावर बसतात. अंतिम निर्णय देशांचाच, पण या संघटनांशी सल्लामसलत करावीच लागते.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि बाकीच्या सात देशांनी परिषदेचं काम थांबवलं. पुढे कार्यगटांचं काम हळूहळू सुरू झालं, पण पूर्वीसारखी गाडी रुळावर आलेली नाही. आर्क्टिक महासागराचा जवळपास निम्मा किनारा एकट्या रशियाचा. तिथली गोठलेली जमीन किती वितळतेय, याची माहिती नीट मिळाली नाही तर जगाचा अंदाज लंगडा पडतो. शिवाय सामी लोकांची वस्ती नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांत आहे. भांडण राजधान्यांचं, पण ताटातूट त्यांची झाली.

सगळंच बंद पडलंय असंही नाही. मध्य आर्क्टिक समुद्रात १६ वर्षं व्यापारी मासेमारी करायची नाही, हा करार २०२१ पासून लागू आहे. अमेरिका, रशिया आणि चीन तिन्ही त्यात आहेत. आधी अभ्यास, मग जाळं, असा त्याचा साधा अर्थ. स्थानिकांचं ज्ञानही विचारात घ्यावं, असं त्यात लिहिलेलं आहे.

भारताचा वाटा

भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे. त्याचं काम गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. २०१३ पासून भारत परिषदेत निरीक्षक आहे, मात्र निर्णयात मत नाही. ध्रुवावरचे बदल आणि आपला मान्सून यांचा संबंध तपासणं हा इथल्या अभ्यासाचा एक भाग. म्हणजे तिथली माहिती अडली तर नुकसान आपलंही आहे.

२०३२-३३ मध्ये पाचवं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष होणार असून त्याची तयारी सुरू आहे. त्यात यंत्रं आणि पैसा किती येतो, हे महत्त्वाचं आहेच. पण बर्फावर राहणाऱ्या माणसाला मोजणी ठरवतानाच बोलावणार, की आकडा ठरल्यावर नुसता कळवणार, यावर बरंच अवलंबून राहील. १९७७ ला उशिरा विचारलं, त्याची किंमत गावांनी मोजली.