कल्याण स्टेशनावरून परदेश

आम्ही नेपाळला जाऊन आलो हे कळल्यावर आमच्या आळीतल्या चार जणींनी मला एकच प्रश्न विचारला. काय पाहिलं, थंडी होती का, असलं काही नाही. प्रश्न होता, "उमरा झाला का तुमचा?" झाला नव्हता. त्यावर शेजारच्या खाला म्हणाल्या, "मग बेटा, डोंगर बघायला कशाला पैसे घालवले?"

खालांचा मला राग आला नाही. कल्याण, मुंब्रा, भिवंडी या पट्ट्यातल्या आमच्या घरांना परदेश नवा नाही. पण तिथे जायला आपण दोनच दरवाजे ठेवलेत, एक रोजीचा आणि दुसरा इबादतीचा. माझे अब्बा एकोणीस वर्षं सौदीत होते. त्यांच्या पासपोर्टवर शिक्के भरपूर, पण सगळे जाण्याचे आणि येण्याचे. कॅम्प, साइट आणि वर्षातून एखादा उमरा, एवढाच त्यांचा परदेश. अम्मीचा परदेश म्हणजे घोंगड्या, टँगचे डबे आणि अत्तराच्या बाटल्या. तिने एकोणीस वर्षं अब्बांच्या बॅगा भरल्या आणि रिकाम्या केल्या. स्वतःची बॅग तिने पहिल्यांदा भरली ती दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, वयाच्या 67 व्या वर्षी.

नुसतं बघायला जाणं ही उधळपट्टी आहे, हे मला मान्य नाही. आपला दीन मुसाफिराची किती काळजी घेतो ते बघा. प्रवासात चार रकअतींची फर्ज नमाज दोन होते. रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. अडचणीत सापडलेला मुसाफिर जकातीच्या आठ हकदारांपैकी एक आहे. जमिनीवर फिरा, आधीच्या लोकांचं काय झालं ते बघा, ही गोष्ट कुरआनात एकाहून अधिक ठिकाणी आली आहे. इब्ने बतूता 1325 मध्ये टँजियरहून निघाला तो हजसाठीच, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. हज झाल्यावर तो घरी परतला नाही. हिंदुस्थान, मालदीव आणि चीन बघून मायदेशी पोचायला त्याला चोवीस वर्षं लागली. हज आणि जग बघणं यांचं वैर त्याला माहीत नव्हतं.

आणि फार लांब कशाला जायचं? आपल्या कोकणातल्या मुरुड-जंजिऱ्याच्या बेगम नाझली 1908 मध्ये युरोपला गेल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी उर्दूत 'सैर-ए-युरोप' लिहिलं. त्या राणी होत्या, खर्चाची चिंता त्यांना नव्हती. आपल्याला आहे, म्हणून आता खर्चाचंच बोलते.

ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे त्याने आधी हज करावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण आम्ही चौघं, म्हणजे मी, माझे मिस्टर, सोळा वर्षांची मुलगी आणि अम्मी, नऊ दिवस नेपाळ फिरलो त्याचा सगळा खर्च वहीत 58 हजारांच्या आसपास निघाला. एवढ्यात चौघांचा हज होत नाही, उमराही होत नाही. आमच्या आळीत वलीम्याच्या बिर्याणीचं बिल दीड-दोन लाखांवर जातं, तेव्हा "उमरा झाला का?" असं कोणी विचारत नाही. मग हा प्रश्न फक्त प्रवासालाच का?

आता आम्ही ते कसं जमवलं ते सांगते. डोंबिवलीच्या एक शिक्षिका मला दर प्रशिक्षणाला भेटतात. त्यांचं घर टूर कंपन्यांबरोबर बरंच फिरलेलं. त्यांनीच सल्ला दिला की पहिला परदेश असा निवडा, जिथे विमानाचं तिकीट लागत नाही.

कल्याणहून गोरखपूरला थेट गाडी आहे. साधारण तीस तास लागतात. तिथून बसने तीन तासांत सोनौली. सीमा आम्ही चालत ओलांडली. कमानीखालून पलीकडे गेलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. अम्मीने दोनदा विचारलं, "बस? आ गया परदेस?" पुढे भैरहवा, लुंबिनी, पोखरा आणि काठमांडू, सगळं बसने.

भारतीय माणसाला नेपाळसाठी व्हिसा नाही आणि पासपोर्टचीही सक्ती नाही. प्रौढांना मतदार ओळखपत्र चालतं. 15 ते 18 वर्षांच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं. 65 च्या वरच्या आणि 15 च्या खालच्या लोकांना फोटो असलेलं आधार, पॅन असं एखादं कार्ड पुरतं. मधल्या वयाच्यांनी मात्र आधारवर भिस्त ठेवू नये. आमच्यापैकी कोणालाच पासपोर्ट लागला नाही.

पैशांचा हिशेबही सोपा आहे. एक भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये, हा दर 1993 पासून बदललेला नाही. आम्ही शंभराच्या नोटा नेल्या होत्या, त्या सगळीकडे घेतल्या. मोठ्या दुकानांत आपलं यूपीआयही चालतं, पण छोट्या गावात त्यावर अवलंबून राहू नये. बऱ्याच जुन्या वास्तूंमध्ये सार्क देशांच्या लोकांना तिकीट कमी असतं, म्हणून ओळखपत्र खिशात हवं.

खाण्याची काळजी अम्मीला सर्वात जास्त होती. काठमांडूत घंटाघराजवळ जामे मशीद आणि काश्मिरी तकिया मशीद अगदी आसपास आहेत. आम्ही त्याच भागात साधी खोली घेतली. मशिदीच्या आसपास हलाल खाणावळी मिळतात आणि तिथे माहिती द्यायला चार माणसंही भेटतात. इतर ठिकाणी डाळ-भात-भाजीचं ताट घेतलं. नेपाळच्या डोंगरात चुरौटे नावाचे मुसलमान आहेत, पिढ्यानपिढ्या बांगड्या विकणारे. हे मी उर्दू आणि मराठीच्या कुठल्याही धड्यात वाचलं नव्हतं.

वेळेचं एक सांगते. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ असतं, हिमशिखरं दिसतात. पण त्याच दिवसांत छठपूजेसाठी गोरखपूरच्या गाड्या तुडुंब भरतात. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठला बसलात तरच जागा मिळेल. जमलं तर छठ उलटून गेल्यावर निघा.

नेपाळ ही पहिली पायरी झाली. पुढच्या देशांचा मी गेली दोन वर्षं अभ्यास करते आहे. माझ्यासारख्या पगाराच्या घराला झेपतील असे काही सांगते. देश निवडताना विमानाच्या तिकिटावर जाऊ नका. तिकीट एकदाच काढायचं असतं. खोली, जेवण आणि बसचं भाडं रोज द्यावं लागतं, ते जिथे कमी आहे तो देश स्वस्त.

मलेशियात भारतीयांना 1 डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत 2026 अखेरपर्यंत वाढवली आहे. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, तो फुकट आहे. हलाल जेवणाची चिंता नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला हा देश सोयीचा. श्रीलंकेत रेल्वे स्वस्त आहे आणि डोंगरातला रेल्वेप्रवास हेच तिथलं मोठं आकर्षण आहे. कोलंबोच्या पेट्टा बाजारात 1909 ची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 डॉलरचा. तिथे जेवताना विचारून घ्यावं लागतं, पण हो ची मिन्ह शहरात डोंग डू रस्त्यावर दक्षिण भारतातल्या मुसलमानांनी 1935 मध्ये बांधलेली मशीद आहे आणि तिच्या आसपास हलाल जेवण मिळतं.

माझ्या वहीत पहिला नंबर उझबेकिस्तानचा आहे. ई-व्हिसा 20 डॉलर. ताश्कंदहून समरकंदला वेगवान रेल्वेने दोन-सव्वादोन तास. बाबर ज्या अंदिजानचा, उलुगबेगची वेधशाळा ज्या समरकंदची, ती नावं मी वीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. एकदा बघायची आहेत.

व्हिसाचे नियम सारखे बदलतात, म्हणून मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच बघा. शोधताना जाहिरात म्हणून वर येणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात, 20 डॉलरच्या व्हिसाला 60 मागतात. परदेशात कार्ड वापरताना मशीनवर रुपये की तिथलं चलन असं विचारलं तर तिथलं चलन निवडा. रुपये निवडले की दुकानदाराच्या बँकेचा महाग दर लागतो. पॅकेज घेणार असाल तर ऑक्टोबर 2020 पासून परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो, उमराच्या पॅकेजवरही. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरलं तर आपल्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. आमच्याकडे अनेकांना हे कोणी सांगतच नाही आणि ते पैसे तसेच सोडून देतात. आणि आई-वडील बरोबर असतील तर प्रवासी विमा वाचवू नका.

शेवटची गोष्ट शिक्षिका म्हणून सांगते, कारण आपल्या लोकांचे सर्वात जास्त पैसे तिथे जातात. ती म्हणजे नाव. अम्मी आधारवर झुबेदा आहे, रेशन कार्डावर जुबेदाबी आणि जुन्या बँक पासबुकात शेख जुबेदा. नेपाळसाठी खपून गेलं, पासपोर्टसाठी खपणार नाही. शेखचं इंग्रजी स्पेलिंग एका घरात तीन तऱ्हेचं असतं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे अर्धा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पासपोर्टवर आडनावच नव्हतं, कारण शाळेच्या रजिस्टरात ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. नोव्हेंबर 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणं बंद केलं आणि त्याचा दुबईचा बेत अडकला. पुढे कागद दुरुस्त करण्यात त्याचे सहा महिने गेले, पैसे गेले ते वेगळेच. ती चूक त्याची नव्हती. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी घाईत अर्ज भरणाऱ्याची होती. कदाचित माझ्यासारख्याच कुणा शिक्षिकेची.

म्हणून आता प्रवेशाच्या दिवसांत मी पालकांना बसवून घेते. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मदाखल्यावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. काही वैतागतात, "टीचर, इतनी बारीकी क्यों?" मी सांगते, पुढे याच कागदावरून पासपोर्ट निघणार आहे.

दहावीच्या मुलांनाही निकालानंतर हेच सांगते. दहावी पास झालात की पासपोर्टवर ईसीआरचा शेरा लागत नाही, म्हणून अर्जाबरोबर तो दाखला जोडा. अठरा वर्षं पूर्ण झाली की 1500 रुपये भरून दहा वर्षांचा पासपोर्ट काढता येतो. या वर्षी सगळ्यात आधी माझ्याकडे कागद तपासायला आली ती खालांची नात. नाव तिन्ही ठिकाणी सारखं होतं. कुठे जायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. घाई नाही, पासपोर्टला दहा वर्षं आहेत.