तपासणी फक्त तिचीच का?

वाचकहो, या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक सूचना वरचेवर असते. ‘डॉक्टर, वेश्याव्यवसाय काही बंद होत नाही. मग सरकारने या बायकांना परवाने द्यावेत आणि दरमहा तपासणी सक्तीची करावी. म्हणजे रोग गावात शिरणार नाहीत.’ लिहिणारी मंडळी सुजाण आणि सज्जन आहेत. एकेकाळी मीही याच मताचा होतो. आज नाही. मत का बदलले, ते सांगताना माझी स्वतःची एक चूक आधी कबूल करावी लागेल.

१९९६ ची गोष्ट. तालुक्याच्या गावी नवा दवाखाना थाटला होता. एके दिवशी तिशीची एक बाई आली. ओटीपोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते, बारीक ताप आहे, अशी तक्रार. पत्ता तिने स्टँडजवळचा सांगितला, पण कंपाउंडर माझ्या कानाशी लागला, ‘साहेब, त्या वस्तीतली आहे.’ झाले! मी तिला सगळे पेशंट संपेपर्यंत बाहेर बसवले. शेवटी आत घेतले, पण टेबलावर घेऊन तपासले नाही. लांबूनच चार प्रश्न विचारले आणि गोळ्या लिहून दिल्या. जाताना ती म्हणाली, ‘साहेब, तपासायचं नाही का?’ मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

त्याच आठवड्यात गावातले एक प्रतिष्ठित व्यापारी मागच्या दाराने आले. लघवीला आग, पू जातोय. रोगाचे निदान सांगायला नकोच, जुन्या भाषेत ज्याला ‘परमा’ म्हणतात तो. त्यांना मी खुर्ची दिली, चहा मागवला, इंजेक्शन दिले. ‘कुठे बोलणार नाही’ असा शब्दही दिला. डॉक्टर म्हणून ते योग्यच होते. पण तोच मान त्या बाईला का मिळाला नाही?

पुढे दीड महिन्याने ती बाई पुन्हा आली ती रिक्षातून, दोघींच्या आधाराने. गर्भनलिकेत पू झाला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन करावे लागले. जीव वाचला. आणि त्याच सुमारास व्यापाऱ्यांच्या पत्नीही माझ्याकडे आल्या. तक्रार तीच: ओटीपोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते. त्या माउलीचा काय दोष? आणि ‘परवाना व तपासणी’ या माझ्या आवडत्या उपायाने तिचे रक्षण कसे झाले असते? तिच्या घरात रोग कुठल्या बाईने आणून सोडला नव्हता. नवऱ्याने आणला होता, आणि नवऱ्याची तपासणी सक्तीची करा असे पत्र मला आजवर एकाही वाचकाने लिहिलेले नाही.

हा उपाय काही नवा नाही. इंग्रजांनी तो आपल्याकडे करून पाहिला आहे. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोग कायदा यांनी वेश्यांची नोंदणी आणि गुप्तांगाची तपासणी सक्तीची केली. रोग आढळला की बाईला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबत. अशी इस्पितळे पुण्याच्या छावणीतही होती. कायद्याची सक्ती मात्र बाईवर, गिऱ्हाइकावर नाही. परिणाम काय झाला? बायका नोंदणी चुकवू लागल्या, लपून धंदा करू लागल्या आणि सैन्यातले गुप्तरोग हटले नाहीत. खुद्द इंग्लंडात जोसेफिन बटलर या बाईंनी अशा कायद्याविरुद्ध चळवळ उभारली. तिथला कायदा १८८६ मध्ये आणि आपल्याकडचा १८८८ मध्ये रद्द झाला.

वैद्यकीयदृष्ट्याही हा उपाय लंगडा आहे. सोमवारी ‘निरोगी’ असा दाखला मिळालेल्या बाईला मंगळवारी गिऱ्हाइकाकडून लागण होऊ शकते. एचआयव्हीची लागण झाल्यावर काही आठवडे, क्वचित तीन महिनेही, नेहमीच्या रक्त तपासणीत ती दिसत नाही. तोवर कार्ड मात्र ‘निरोगी’ म्हणते. आणि कार्ड पाहिलेला पुरुष ‘आता निरोध कशाला?’ म्हणतो. जिच्या तपासणीत दोष निघेल तिचा परवाना, म्हणजे पोटच, जाणार. मग ती तपासणीला येईल की तोंड लपवील?

मग काहीच करू नये का? करावे, आणि कायद्यानेच करावे. पण आधी आजचा कायदा समजून घेऊ. पुष्कळांना वाटते की देहविक्री हाच गुन्हा आहे. तसे नाही. १९५६ च्या कायद्याने सज्ञान स्त्रीने स्वतः हा व्यवसाय करणे हा गुन्हा ठरवलेला नाही. मात्र कुंटणखाना चालवणे, उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणे आणि तिच्या कमाईवर जगणे हे गुन्हे आहेत. दलाल पकडायला केलेल्या या शेवटच्या कलमात अठरा वर्षांवरचा तिचा मुलगाही सापडू शकतो. घरमालक खोली द्यायला घाबरतो. मार खाल्ला, पैसे बुडवले, बळजबरी झाली, तरी चौकीवर जायची सोय नाही. अशा बाईने गिऱ्हाइकाला ‘निरोध वापर’ असे कुठल्या बळावर सांगावे?

बळ आले की काय होते, ते आपल्याच राज्यात पाहायला मिळाले. सांगलीत ‘संग्राम’ने १९९२ पासून या स्त्रियांच्याच हाती निरोध वाटपाचे आणि समजावण्याचे काम दिले. त्यातून १९९६ मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. कलकत्त्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्येच असे काम सुरू केले. तिथल्या स्त्रियांनी पुढे सहकारी पतसंस्थाही काढली. सावकाराचा फास सैल झाला की गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणता येते. एकटी बाई नडली तर गिऱ्हाईक शेजारी जाते. साऱ्या गल्लीने नियम केला तर त्याला ऐकावेच लागते.

न्यूझीलंडने २००३ मध्ये कायदा केला तो याच धर्तीवर. सक्तीची तपासणी नाही. सुरक्षित संबंधांची जबाबदारी बाईवर, गिऱ्हाइकावर आणि धंदा चालवणाऱ्यावर, तिघांवरही. न पाळल्यास दंड गिऱ्हाइकालाही. ‘तपासणी झाली आहे, म्हणजे रोग नाही’ असे भासवायलाही तिथे बंदी आहे. मला नियमन हवे ते असे. नियम जागेला, व्यवहाराला आणि गिऱ्हाइकालाही लागू असावेत, एकट्या बाईच्या शरीराला नव्हे.

काही वाचक म्हणतील, डॉक्टर अनीतीची तरफदारी करतात. तसे नाही. पोरीबाळींना फसवून, विकून या धंद्यात लोटणाऱ्याला तुरुंगच हवा. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत ‘तिची संमती होती’ हा शब्दही उच्चारू नये. जिला बाहेर पडायचे आहे तिला वाट मिळालीच पाहिजे. पण भेदरलेली वस्ती पोलिसांना खबर देत नाही. आपल्या गल्लीत कोवळी मुलगी आणली गेली हे सर्वांत आधी तिथल्या बायकांनाच कळते. त्यांना चौकीची भीती वाटेनाशी झाली, तरच ती मुलगी सुटेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितले आहे की, या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावे, अत्याचार झाल्यास त्यांना तातडीने उपचार मिळावेत आणि जवळ निरोध सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यानुसार संमतीवाचून कोणाचीही एचआयव्ही तपासणी करता येत नाही. कागदावर एवढे आले आहे. ते चौकीत आणि दवाखान्यात उतरायचे आहे.

तोवर आपल्या हाती काय आहे? पुरुष वाचकांनो, बाहेर संबंध आला असेल तर निरोध वापरला होता की नाही हे मनाशी खरे सांगा आणि सरकारी रुग्णालयातील तपासणी केंद्रात जा. तपासणी मोफत असते, नाव गुप्त राहते. माहितीसाठी १०९७ हा क्रमांकही मोफत आहे. दोष निघालाच तर पत्नीलाही उपचार द्या, नाहीतर रोग घरातल्या घरात फिरत राहतो. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, वस्तीतली बाई आली तर तिला रांगेतल्या तिच्या नंबरावर आत घ्या, टेबलावर घेऊन नीट तपासा.

ती बाई नंतरही माझ्याकडे येत राहिली, पुढे मुलीलाही घेऊन येऊ लागली. तो जुना प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही. विचारायची वेळ मीही येऊ दिली नाही.