छत्तीसचा आकडा कोणाचा?

"तुम्ही ख्रिस्ती असून मराठी किती छान बोलता!" भायखळ्यात हे कौतुक आम्हांला वरचेवर ऐकावे लागते. त्यातील 'असून' हा शब्द ख्रिस्ती आणि मराठी यांत छत्तीसचा आकडा गृहीत धरतो. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवतात, म्हणून हा वाक्प्रचार. परंतु भिन्न म्हणजे विरुद्ध नव्हे. विरुद्धार्थी शब्द एकाच जातीचे असावे लागतात : दिवस-रात्र, पूर्व-पश्चिम. येथे एक नाव धर्माचे, दुसरे भाषेचे. त्यांत विरोध कसला?

फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, पण भाषा मराठीच होती. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले.

तथापि दोष केवळ इतरांचा नाही. मुलांच्या इंग्रजीच्या आड येईल म्हणून आपण घरातील मराठी बंद करतो, तेव्हा तोच आकडा स्वतःच्या हाताने मांडतो. ६३ लिहिले की तेच अंक समोरासमोर येतात. आज रात्रीची रोझरी मराठीतून म्हणावी; प्रारंभास एवढे पुरे.