ऐकणाऱ्यांचे कोण ऐकणार?

लोणार - लोणारचे नाव निघाले, की खाऱ्या पाण्याचे सरोवर आठवते. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात 'रामसर' यादीत त्याचा समावेश झाला आणि शहरी माध्यमांचे लक्ष काही काळ येथे खिळले. सरोवराच्या काठापलीकडचा तालुका मात्र कोरडवाहू सोयाबीन-कापसाचा आहे. पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलडाणाही होता. पॅकेजचा भर कर्ज, व्याज आणि सिंचनावर होता. खचलेल्या मनाचा विचार शासनदरबारी उशिरा सुरू झाला.

राज्य शासनाचा 'प्रेरणा प्रकल्प' २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत आला. आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे टिपायची, समुपदेशकाने बोलते करायचे आणि गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे, अशी ही साखळी. कागदावर ती सुबक दिसते. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मनोविकारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळ पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी अशी चारच राहिली. वरच्या कड्या विरळ असल्या, की सगळा भार खालच्या कडीवर येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना तीन खुणा सांगितल्या: शक्ती आटून जाणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. शहरातील समुपदेशक संध्याकाळी दवाखान्याचे दार ओढून घेतो. गावात दारच नसते. सकाळी जिच्यासमोर एखादा माणूस रडला, तिलाच तो सायंकाळी पिठाच्या गिरणीवर भेटतो. कदाचित तो नात्यातलाच असतो. पावसाने दगा दिला, तर तिच्याही घरचे सोयाबीन जाते. आणि एखाद्याने जीवन संपविले, तर लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविणारी समिती दूर असते; गावाच्या प्रश्नार्थक नजरा झेलायला तीच समोर असते.

अशा वेळी घरच्यांचा आधार घ्यावा, असा सल्ला सहज दिला जातो. तो येथे अपुरा आहे. ऐकलेले कुणाला सांगायचे नाही, ही या कामाची पहिली अट. नवऱ्याला नाही, जावेलाही नाही. ज्या गावात नाव न सांगताही माणूस ओळखू येतो, तेथे मन मोकळे करण्याचा नेहमीचा मार्गच बंद होतो. म्हणून तिला लागणारा आधार बहुतांशी व्यवस्थेनेच द्यावा लागतो. आपल्याकडे तो चांगुलपणावर सोडला जातो, हे खरे दुखणे.

जमते कसे, याची उदाहरणे दूरची नाहीत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत राबविलेल्या 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ एका साखळीत बांधले होते. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे 'लॅन्सेट सायकियाट्री'ने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. गोव्यात 'संगाथ' संस्थेने तर वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या समुपदेशकांना एकत्र बसवून परस्परांच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासायला लावली. चूक दाखविणारा आणि धीर देणारा सहकारी एकच, ही त्यातली मेख.

'टेलि-मानस'ची १४४१६ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे समुपदेशकही दूरध्वनी करू शकतो. पण अनोळखी आवाज म्हणजे मार्गदर्शक नव्हे. आणि मोबदल्यासाठी आशांना २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागलेल्या राज्यात 'सेवाभाव' हा शब्द जरा जपूनच वापरलेला बरा. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा येथील समुपदेशकांना महिन्यातून एक दिवस तज्ज्ञासोबत एकत्र बसविणे, तो दिवस कामाचा धरणे आणि एस.टी.चे भाडे देणे, यासाठी नव्या पॅकेजची गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या वार्षिक आराखड्यात एक ओळ वाढवावी लागेल.