‘चिकटवा’ नको, ‘सांगा’ म्हणा

हिमायतनगरात पदवी घेऊन घरी बसलेल्या पोराला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘वशिल्याशिवाय काही होत नसतं, कुणाला तरी धर.’ दुसरा ताठ मानेनं सांगतो, ‘कुणाच्या दारात जाऊ नको, अभ्यासिकेत बस.’ दोघं एकमेकांच्या विरोधात बोलतात, पण नोकरीसाठी माणसाला भेटणं म्हणजे हात पसरणं, ही समजूत दोघांचीही आहे. माझं भांडण त्या समजुतीशी आहे.

अभ्यासिकेवाल्याच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून त्याचं आधी घेऊ. तलाठी असो, पोलीस असो की लोकसेवा आयोग, तिथं ओळख चालता कामा नये. ‘साहेबांपर्यंत पोचवतो’ म्हणून पैसे मागणारा भामटाच समजावा. पण २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. बाकीच्यांनी जायचं कुठं? खासगीतच ना? मग जिनिंग, बियाण्यांच्या कंपन्या, बचत गटांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था, नांदेडचे दवाखाने, चाकणचे कारखाने यांतल्या किती जागांची जाहिरात आपल्यापर्यंत येते?

शिवाय घरबसल्या पाठवलेला अर्ज निःपक्ष तराजूत पडतो, हेही खरं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की दलित आडनावाच्या आणि मुस्लिम नावाच्या उमेदवारांना बोलावणं येण्याची शक्यता कमी होती. म्हणजे गुणवत्तेआधी आडनाव वाचलं गेलं. ज्याचं आडनाव आडवं येतं, त्याला तर कुणीतरी समोरासमोर पाहिलेलं असणं जास्तच गरजेचं.

आता वशिलेवाला. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आपल्या गावचे, आपल्या नात्यातले लोक भरायचा आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. त्याला आवर घालायला १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणावी लागली. वशिल्यानं एकाला जागा मिळते तेव्हा दुसऱ्याची जाते. माहितीचं तसं नाही. चाकणच्या कारखान्यात कोणता ठेकेदार पगार वेळेवर देतो, हे मला सांगितल्यानं दुसऱ्या कुणाचं काहीही कमी होत नाही. म्हणून भेटीत काय मागितलं, यावरच ती भेट वशिल्याची की शहाणपणाची हे ठरतं.

आणि वशिलेवाला ज्याला ‘आपला माणूस’ म्हणतो, तोच फार उपयोगाचा असतो असंही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळ ओळखीतून नोकरी मिळालेल्या नोकरदारांना विचारलं, तो ओळखीचा तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटायचा असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांच्या कामी आला होता तो अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा माणूस. त्याचा लेख १९७३ चा आहे, पण कारण आपल्याकडंही पटेल: मामाला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं.

यावर कुणी म्हणेल, आमच्याकडं ओळखी जातीच्याच असतात. खरं आहे, आणि त्यांची किंमतही मोजावी लागते. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी दादरच्या शाळांमधल्या मुलामुलींचा अभ्यास केला (२००६). ज्या जातींची कामगारवर्गातली साखळी घट्ट होती, त्यांतले मुलगे मराठी माध्यमातून त्याच जुन्या कामांकडं गेले. साखळीत जागा नसलेल्या मुली मात्र इंग्रजी शिकून नव्या नोकऱ्यांकडं वळल्या. तेव्हा भेटायचं तर आपल्या वाड्याबाहेरच्या माणसाला भेटावं.

भेटायचं कधी? महाशिवरात्रीला गावच्या परमेश्वर मंदिराच्या यात्रेत, दिवाळीत, लग्नसराईत पुणे-हैदराबादची माणसं गावी येतात. नंदीग्राम एक्स्प्रेसनं नोकरीसाठी मुंबईकडं गेलेला त्याच गाडीनं चार दिवस घरी येतो. तेव्हा बायोडाटा पुढं करून ‘दादा, कुठंतरी चिकटवा की’ म्हटलं की तो ‘बघतो’ म्हणून निसटतो, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याच्या हातात जागा नसतेच. त्यापेक्षा चहा आपण पाजावा, अर्धा तासच घ्यावा आणि विचारावं: पहिल्या महिन्यात तुम्हाला काय अडलं? नाव कंपनीच्या रजिस्टरवर असतं की ठेकेदाराच्या? खोलीभाडं आणि मेस जाऊन हातात काय उरतं? माझ्या शिक्षणात काय कमी पडतंय? उठताना आणखी एखाद्या माणसाचं नाव मागावं, त्याला भेटून झालं की काय झालं ते पहिल्याला कळवावं. हे शेवटचं बहुतेक जण करत नाहीत, आणि तिथंच ओळख मरते.

मुलींनी चहाच्या टपरीवर बसायचं का, हा प्रश्न रास्त आहे, पण अर्ध्या तासाच्या गप्पांना टपरीच कशाला लागते? कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम, बचत गटाच्या बैठकीला येणाऱ्या बँकेच्या ताई, नांदेडला नर्स असलेली गावातली मुलगी: त्यांच्याशी बोलायला आईला सोबत नेलं तरी काही बिघडत नाही. अडचण आहे ती घरातून ‘कशाला लोकांना त्रास’ म्हणण्याची.

राहिले यात्रेला घरी येणारे. त्यांचं ‘बघतो’ हे उत्तर पोराला सहा महिने झुलवत ठेवतं. जागा नसेल तर नाही म्हणावं, पण ठेकेदाराचं नाव, खोलीचं भाडं आणि स्वतःच्या पगारातून काय काय कापलं जातं, एवढं सांगून मगच गाडी पकडावी.