चळवळीला घर लागते

न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या प्रेक्षक सज्जातून २४ ऑगस्ट १९६७ रोजी युद्धविरोधी कार्यकर्ता अ‍ॅबी हॉफमन आणि त्याच्या साथीदारांनी डॉलरच्या नोटा खाली उधळल्या. काही दलाल हातातले काम टाकून त्या वेचायला धावले. पैशाच्या हव्यासावर तासभर भाषण करूनही जे साधले नसते, ते त्या काही मिनिटांत साधले. पुढे त्या सज्जाला काच बसवण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस हॉफमन, जेरी रुबिन, पॉल क्रॅसनर आदींनी यिप्पी हा गट स्थापन केला.

व्हिएतनाम युद्धाला विरोध करताना त्यांनी सत्तेचा दरारा हास्यास्पद ठरवण्याचा मार्ग निवडला. ऑगस्ट १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनाच्या तोंडावर त्यांनी अध्यक्षपदासाठी चक्क एक डुक्कर उभे केले. पोलिसांनी त्यालाही ताब्यात घेतले. पुढे अधिवेशनाच्या काळात निदर्शकांवर झालेला लाठीमार अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिला.

यिप्पी आठवतात ते अशा प्रसंगांमुळे. पण त्यांचे चिवट काम घडले ते मॅनहॅटनमधल्या ९, ब्लीकर स्ट्रीट या पत्त्यावर. १९७३ पासून ही इमारत गटाचे मुख्यालय होती. तिथे वृत्तपत्राचे काम चाले, बाहेरगावचे कार्यकर्ते मुक्कामाला येत, गांजाबंदीविरोधी मोर्चांची आखणी होई. युद्ध संपले, रुबिन वॉल स्ट्रीटवर नोकरीला लागला, १९८९ मध्ये हॉफमन गेला. तरी इथले काम थांबले नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. याचे श्रेय अनेकांचे आहे. पण हा विषय रस्त्यावर जिवंत ठेवणाऱ्यांत ब्लीकर स्ट्रीटची मंडळी होती, हे मान्य करावे लागेल.

२००४ मध्ये गटाने ती इमारत विकत घेतली, संग्रहालय आणि कॅफे थाटला. कर्जाचा वाद मात्र कोर्टात गेला, २०१४ च्या सुमारास वास्तू हातची गेली आणि तिथे मुष्टियुद्धाची व्यायामशाळा आली.

कॅमेऱ्यासमोर लक्ष वेधण्याची यिप्पींची युक्ती आज सत्ताधाऱ्यांनीही आत्मसात केली आहे. त्यामुळे नुसत्या चमकदार कृतीवर चळवळींनी विसंबू नये. जागेचे भाडे, कर्जाचे हप्ते, कागदपत्रांची जपणूक ही कामे नीरस वाटतात; पण पन्नास वर्षांनी मिळणारा विजय त्यांच्याच जोरावर मिळतो. चळवळीला देणगी देणाऱ्याने आधी तिच्या छपराची चौकशी करावी.