विमानाच्या तिकिटाचा भाव

मंडईंत सांगितलेला भाव घासाघिशीनें उतरतो. तिकिटविक्रीच्या संकेतस्थळावर तो शेवटपर्यंत चढतच जातो. गेल्या महिन्यांत आम्हां पांच जणांस पुण्याहून नागपुरास जावयाचें होतें. यादींत माणशीं ४,३०० रुपये दिसले. पैसे भरण्याच्या वेळीं तोच आंकडा ५,१५० झाला!

याचें एक कारण निर्दोष आहे. यादींतील भाव कित्येकदां कांहीं वेळापूर्वीं साठविलेला असतो. तिकीट निवडल्यावरच विमानकंपनीस पुनः विचारणा होते. शिवाय एकाच विमानांतील आसनें निरनिराळ्या दरांच्या गटांत वांटलेलीं असतात. स्वस्त गटांत तीनच उरलीं असतां पांच मागितलीं, तर बहुधा पांचांसही महाग दर लागतो. म्हणून मोठ्या कुटुंबानें प्रथम एकाच आसनाचा भाव पाहावा, मग दोघांचा, तिघांचा. फरक दिसल्यास तिकिटें विभागून काढावीं. मात्र घरांतील आजींस निराळ्या तिकिटावर एकट्या ठेवूं नये. विमान रद्द झालें तर त्यांची रवानगी भलत्याच विमानानें व्हावयाची.

दुसरें कारण निव्वळ लबाडीचें. सुविधाशुल्क, न मागितलेला विमा वगैरे रकमा अखेरच्या पायरीवर हळूच जोडल्या जातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं असें करण्यास मनाई केली आहे, तरी संवय सुटलेली दिसत नाहीं. वाचकांनीं पहिल्या व शेवटच्या दोन्ही पानांचीं चित्रें जपून ठेवावीं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.